पंढरपूर कुठं पळून चाललंय?

आज डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

दुपारी कॅन्टीनमध्ये आमच्याकडच्या एका पोराने पेढे वाटले. मला वाटलं लग्न जमलं. तर म्हणे राजीनामा दिलाय, आता फुलटाइम फिरणार आणि व्हिडिओ टाकणार. सव्वीस वर्षांचा पोरगा, गावाकडे आईवडील, बाईक लोनवर घेतलीय, कॅमेरा लोनवर घेतलाय, आणि पहिल्या ट्रिपसाठी म्हणून अजून एक पर्सनल लोन, ते फोनवर दहा मिनिटात मंजूर झालं हे तो अभिमानाने सांगत होता. त्याचं वय, त्याचे पैसे, मी काही बोलले नसते. पण जाता जाता म्हणाला, "ताई, तुम्ही पण सोडा आता. चलनं बनवता बनवता रिटायर व्हाल, अडव्हेंचर कधी करणार?" टेबलावरचे सगळे हसले. मी पेढा तसाच कागदात गुंडाळून डिस्पॅचला परत आले आणि चार वाजेपर्यंत एकाशी धड बोलले नाही.

अठरा वर्षं भोसरी एमआयडीसीत डिस्पॅचला आहे मी. डिलिव्हरी चलन, गेटपास, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्यांशी रोजची हुज्जत. ह्याच चलनांच्या जिवावर मी सिक्कीम पाहिलंय, केरळ पाहिलंय, हंपी पाहिलंय, यूथ हॉस्टेलबरोबर दोनदा हिमाचलला जाऊन आलेय. कुणापुढे हात पसरला नाही आणि एक रुपयाचा हप्ता डोक्यावर नाही. आणि खरं सांगू का, ह्या सगळ्यात मोठं अडव्हेंचर म्हणाल तर ते गगनबावड्याला झालं, आईबरोबर, लाल एसटीत.

जुन्या मित्रमैत्रिणींनी ऐकलेलं असेल, तरी सांगतेच. 2016 चा जुलै. एसटीचा तो 'आवडेल तेथे प्रवास'चा पास असतो ना, 1988 पासून आहे तो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, एकदा पैसे भरले की राज्यात कुठल्याही एसटीत चढा आणि कुठेही उतरा. आम्ही चार दिवसांचा काढला. आई तेव्हा त्रेसष्टची. तिचं माहेर बार्शीचं आणि आमच्या घरात फिरणं म्हणजे देव, लग्न नाहीतर दहावा, चौथं कारण नव्हतंच. त्यामुळे बेत पण तसाच ठरलेला, कोल्हापूरला अंबाबाई, मग पंढरपूर, मग तुळजापूर, आणि सोलापूरवरून घरी. अंबाबाई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही उभ्या, एका हातात भाकरी आणि ठेच्याची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि आई फलाटावरच्या बसच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचतेय. एका पाटीपाशी थांबली. गगनबावडा. परत वाचली. मला म्हणाली, "नाव बघ की किती चांगलं आहे. जाऊ या का?" मी म्हटलं, आई अगं पंढरपूरची गाडी लागेल आता. तर म्हणते, "पंढरपूर कुठं पळून चाललंय व्हय?"

आणि चढली पण! मी मागनं धावत.

हे मला त्या पोराला सांगायचं होतं, पण तो ऐकणाऱ्यातला नाही. असो.

आता पैशांचं. मला इनबॉक्समध्ये दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की बाई तुला परवडतं कसं, आणि त्या 'कसं'मध्ये एक वास असतो तो मला कळतो. तर ऐका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी दीड हजार आरडीत जातात, बँकेची एक वर्षाची आरडी, नाव टाकता येत नाही तिला पण माझ्या डोक्यात तिचं नाव फिरणं असंच आहे. वर्षाचे अठरा हजार आणि वर थोडं व्याज. दिवाळीला बोनस येतो, त्यातला अर्धा त्यात. बस, एवढंच आहे, ह्यात काहीही गुपित नाही. मोबाइल मी पाच वर्षं वापरते, सोनं घेत नाही, हॉटेलात जेवायला महिन्यातून एकदा, आणि कुणाच्या लग्नात तीन-तीन साड्या मी नेसत नाही. ह्याला लोक कंजूसपणा म्हणतात. म्हणू देत.

सुट्ट्यांचं म्हणाल तर भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अर्ध्या पुण्याला हे माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते कीव करतात की अरेरे रविवारी कामाला जावं लागतं. अहो, गुरुवारी सिंहगडावर जाऊन बघा एकदा! दह्याचं मडकं घेऊन बसलेल्या मावशी तुमच्याशी निवांत गप्पा मारतात, गाडी लावायला मारामारी नाही. कारखान्यात वीस दिवस भरले की एक भरपगारी रजा जमते, ती मी कधीच विकत नाही, दिवाळीच्या आसपास नाही आणि मार्चला पण नाही. 2025 ला 15 ऑगस्ट शुक्रवारी आला होता, म्हणजे गुरुवार, शुक्रवार फुकट, पुढचे दोन दिवस रजा टाकली की चार दिवस. हे कॅलेंडर मी जानेवारीत भिंतीवर लावते तेव्हाच पेनाने गोल करून ठेवते. रेल्वेचं रिझर्वेशन आधी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलं, तर त्या दिवशी सकाळी आठला मी फोन हातात घेऊन बसलेली असते. स्लीपरचंच तिकीट काढते. एसीत झोप छान लागते मान्य आहे, पण खिडकी उघडत नाही.

कंत्राटी पोरांना ह्यातलं निम्मंही मिळत नाही, ना रजा ना बोनस, ते मला माहीत आहे. आणि घरात आजारी माणूस असेल तर सगळं गणित कोलमडतं, हे पण खरं.

पण ज्यांना मिळतं ते काय करतात? रजा विकून टीव्ही घेतात आणि मग त्या टीव्हीवर दुसऱ्याचं फिरणं बघतात.

हां, तर गगनबावडा. कळे गेलं, साळवण गेलं, पाऊस इतका की कंडक्टर सारखा काच पुसून बाहेर बघत होता. दोनेक तासांनी वर पोचलो तर समोर काही नाहीच. म्हणजे खरंच काही नाही, धुकं. स्टँडच्या समोरची टपरी दहा पावलांवर, ती पण तिच्या स्टोव्हच्या आवाजाने सापडली. आईने टपरीच्या बाहेर हात लांब केला आणि मुठीत धुकं धरल्यासारखं करून मूठ उघडून बघितली. ओली होती. तिने तो ओला हात स्वतःच्या गालाला लावला, मग माझ्या. बास. मी त्यानंतर हिमाचलला साडेतेरा हजार फुटांवर उभी राहिलेय, पण ते गार बोट गालावर लागलं तसं काही परत झालं नाही.

चहा पीत पीत आईने कंडक्टरला विचारलं, पुढं काय हाय? तो म्हणाला, खाली करूळ घाट उतरला की वैभववाडी, मग कणकवली, गाडी येईल आता अर्ध्या तासात, पण मावशी तुम्हाला जायचंय कुठं? आई म्हणाली, "तेच बघतोय." त्या माणसाने जे हसून आईकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. आम्ही घाट उतरलो. दरडीवरून पाणी रस्त्यावर पडत होतं आणि गाडी वळली की ते खिडकीतून आत यायचं, आईचा अख्खा डावा खांदा भिजला पण ती सरकली नाही. रात्री कणकवलीत एका साध्या लॉजवर, पंख्याखाली लुगडं वाळत टाकून. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं मालवणला समुद्र बघू, तासा-दीड तासाचा रस्ता. आई म्हणाली समुद्र पुढच्या खेपेला, आज अजून एक घाट दाखव. मग फोंडा घाटाने वर, दाजीपूर, राधानगरी, परत कोल्हापूर. राधानगरीला शेजारी बसलेल्या एका आजोबांनी तिला शाहू महाराजांनी धरण कसं बांधायला घेतलं, दरवाजे आपोआप कसे उघडतात, सगळं समजावून सांगितलं. ते आजही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पंढरपूर-तुळजापूर राहिलं ते राहिलंच त्या वेळी.

आता कुणी म्हणेल की ह्यात अडव्हेंचर काय. तर मी विचारते, मग कशात आहे? लोन काढून परदेशातल्या झोक्यावर बसून फोटो काढण्यात? परदेश वाईट नाही, मलाही जायचंय, नेपाळसाठी वेगळी आरडी चालू आहे. पण घराजवळचं काही पाहिलेलं नसताना "इथे काय आहे" असं जे म्हणतात ना, त्यांचा मला खरंच राग येतो. कासारवाडीहून लोकल पकडून कामशेतला उतरा, पुढे बेडसे. वडापावच्या पैशात तिकीट येतं. लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत, सकाळी लवकर गेलात तर ऊन खांबांवर येतं, वरच्या घोड्यांवर, हत्तींवर, त्यांच्यावर बसलेल्या जोड्यांवर, आणि दगड अक्षरशः मधासारखा दिसतो. गुरुवारी तिथे मी आणि एक कुत्रा, तिसरं कुणी नाही. साताऱ्याच्या अलीकडे लिंबची बारा मोटेची विहीर, अष्टकोनी, आत दगडी महाल, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधून घेतलेली. आपल्यातले किती जण साताऱ्या-कोल्हापूरला जाताना त्या फाट्यावरून गेलेत आणि किती जण उतरलेत?

आणि आता बोलतेच आहे तर हे पण. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हा आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थाने लिहिलं की बायका आता उगाच फिरायला लागल्यात, गाड्यांना गर्दी करतात. उगाच! आयुष्यभर जी बाई माहेर आणि दवाखाना ह्याशिवाय कुठे गेली नाही ती साठीला मैत्रिणींबरोबर एखाद्या गुरुवारी जेजुरीला नाहीतर नरसोबाच्या वाडीला निघाली, डब्यात दशम्या, गाडीत गाणी, तर ते उगाच? तुम्ही रविवारी गाडी काढून धबधब्याला जाता ते उगाच नाही वाटतं. मी त्या दिवशी ग्रुप सोडला आणि परत गेले नाही. सोसायटीचं पाणी कधी बंद आहे ते मला आता वॉचमन सांगतो.

गर्दी होते, हो, होते. गाड्या वाढवायला सांगा मग.

घरी येईपर्यंत राग थोडा उतरला. तो पोरगा वाईट नाहीये हो. कामाला चांगला होता, माझ्या पायाला लागलं होतं तेव्हा महिनाभर वरच्या मजल्यावर फायली तोच नेऊन द्यायचा. त्याला कुणीतरी फोनमधून सांगितलंय की नोकरी म्हणजे पिंजरा, आणि ते सांगणाऱ्याचा स्वतःचा धंदाच ते सांगण्यावर चालतो, हे त्याला कोण सांगणार. तीन हप्ते आहेत त्याच्या डोक्यावर. पाच तारखेला घाटात असो नाहीतर समुद्रावर, त्याला हप्ता आठवणार आणि मला पाच तारखेला काहीच आठवत नाही. उद्या जेवायला बसल्यावर बोलेन त्याच्याशी. नोटीस पिरियड आहे अजून.

आईला सगळं सांगितलं. तिने पहिलं विचारलं, "त्याची आई काय म्हणाली?" मग पेढा अर्धा मोडून मला दिला. आता ती बहात्तरची, गुडघे गेलेत, बेडसेच्या पायऱ्या तिला होणार नाहीत आणि गगनबावड्याला मी एकटीच दोनदा जाऊन आले. पण पंचाहत्तर झाली की एसटी फुकट आहे, तीन वर्षं राहिली, हे ती महिन्यातून एकदा तरी बोटांवर मोजून दाखवते. येत्या गुरुवारचं मघाशीच ठरलं, राजगुरुनगरवरून भीमाशंकर. मी म्हटलं अगं तिथे तर केवढ्या पायऱ्या आहेत. म्हणाली, "उतरायचं कशाला? जायचं, चहा प्यायचा, त्याच गाडीनं माघारी. खिडकी आहे की."

तर राजगुरुनगर स्टँडवरून भीमाशंकरची सकाळची पहिली गाडी किती वाजता असते, कुणाला नक्की माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. राजगुरुनगरवरूनच सुटणारी हवी, पुण्याहून येणाऱ्या गाडीत खिडकी मिळत नाही, आणि आईला डावीकडचीच लागते.