‘पहिलीच रायफल .३०० मॅग्नम घ्या’ हा सल्ला नवख्यानं का ऐकू नये

अमेरिकेत शिकार शिकायला निघालेल्या नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो. ‘घ्यायचीच तर .३०० विन्चेस्टर मॅग्नम घे. हरणापासून मूसपर्यंत सगळं एकीत भागतं, आणि ती सगळीकडे चालते. लहान कॅलिबरनं जनावर नुसतं जखमी होतं, मॅग्नमची गोळी जरा इकडेतिकडे लागली तरी ते जागेवर पडतं. गोळी लांबवर सरळ जाते. धक्क्याची सवय होते. आणि रायफलीवर पैसे वाचवू नकोस.’ (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस; कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी; मूस हे अवाढव्य हरीण.) भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आणली, त्यामुळे हा प्रश्न तिकडच्या मराठी मंडळींपुरताच आहे. पण तिथे नव्यानं परवाना काढणारे आता बरेच आहेत, आणि हा सल्ला त्यांचं नुकसान करतो. त्यातला एकेक दावा तपासू.

‘लहान कॅलिबरनं जनावर नुसतं जखमी होतं’

सगळ्यांत घातक वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबू. गोळी हृदयातून किंवा दोन्ही फुफ्फुसांतून गेली की रक्तदाब कोसळतो आणि जनावर मरतं. व्हाइटटेल हरणाचं हे वर्म पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात, साधारण आठ इंचांच्या वर्तुळाएवढं असतं. गोळी त्या वर्तुळात गेली तर ६.५ क्रीडमूरही (६.५ मिलिमीटरच्या बारीक गोळीचं काडतूस) पुरते. तीच गोळी पोटात गेली तर .३०० मॅग्नमही ते हरीण जागेवर पाडत नाही. ते झाडीत शिरतं, कित्येक तास तडफडतं, आणि रक्ताचा माग इतका तुटक मिळतो की बऱ्याचदा सापडतच नाही. ‘इकडेतिकडे लागलं तरी चालतं’ असं सांगणारा माणूस नवख्याला बेफिकीर बार टाकायला शिकवतो, आणि त्याची किंमत जनावर मोजतं.

स्वीडन-नॉर्वेच्या सैन्यानं १८९४मध्ये स्वीकारलेलं ६.५×५५ काडतूस तिथे शंभराहून अधिक वर्षं मूसच्या शिकारीला वापरलं जातं. गोळी बारीक, पण लांब आणि जड. म्हणूनच ती खोल जाते. १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) ६.५ मिलिमीटर गोळीची सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे जाडीच्या मानानं वजन, .२८७ भरते. १८० ग्रेनच्या .३० कॅलिबर गोळीची .२७१. खोल जाण्याच्या बाबतीत बारीक गोळी इथे उणी पडत नाही.

कायदाही हेच सांगतो. कोलोरॅडोत हरीण आणि एल्क (हरणाची बरीच मोठी जात) दोघांनाही किमान .२४ कॅलिबर आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. गोळीचं किमान वजन हरणाला ७० ग्रेन, एल्कला ८५ ग्रेन. म्हणजे .२४३ विन्चेस्टरसुद्धा या अटीत बसते. एल्कसाठी ती नवख्यानं घेऊ नये असंच मी म्हणेन, कारण तिरक्या कोनात तिच्याकडे राखीव जोर उरत नाही. पण हरणासाठी तिला ‘कमी’ म्हणणं चूक आहे.

कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी जास्त ठरवते, आणि त्याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही. पातळ आवरणाची मऊ गोळी मॅग्नमच्या वेगानं पन्नास यार्डांवर खांद्याच्या हाडावर आदळली तर आत पोचण्याआधीच फुटते, आणि पुढच्या फऱ्याचं मांस रक्ताळून वाया जातं. हरणासाठी साधी सॉफ्ट-पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) पुरे. एल्कसाठी बॉन्डेड (आतलं शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) किंवा सबंध तांब्याची घ्या. तांब्याच्या गोळीला उमलायला, म्हणजे आत गेल्यावर टोक पसरायला, वेग लागतो. साधारण सेकंदाला २,००० फुटांच्या खाली ती नीट उमलत नाही, म्हणून वजन हलकं निवडायचं आणि अंतर आवरतं ठेवायचं.

‘मॅग्नमची गोळी सरळ जाते’

सरळ कुठलीच गोळी जात नाही. रायफल २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे गोळी नेमकी स्कोपमधल्या खुणेवर लागेल अशी जुळवली, तर ३०० यार्डांवर .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी जेमतेम सात इंच खाली लागते, ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची आठच्या आसपास, .३०८ची नऊच्या आसपास. सगळा फरक दोन इंचांचा. नवख्यानं पहिल्या हंगामात २०० यार्डांपलीकडे बार टाकूच नये, आणि तेवढ्यात तर हा फरक हाताच्या कंपनातच बुडून जातो.

‘धक्क्याची सवय होते’

आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का सुमारे १२ फूट-पौंड, .३०८चा १६-१७, .३०-०६चा २०च्या आसपास आणि .३०० मॅग्नमचा २७. शेवटचा आकडा पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. सवय होते ती दचकण्याची. शरीर धक्क्याची वाट पाहू लागतं, ट्रिगर दाबण्याच्या क्षणी खांदा पुढे येतो, डोळे मिटतात, आणि नळीचं तोंड खाली जातं. हे नेमबाजाला स्वतःला कळत नाही, कारण धक्क्यात सगळं झाकलं जातं.

ते उघडं पाडायची एक सोपी रीत आहे. सोबत्याला सांगायचं की प्रत्येक वेळी तू भर, कधी खरं काडतूस, कधी डमी, आणि मला कळू देऊ नकोस. डमीवर ट्रिगर सुटला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. त्या क्षणी स्कोपमधला क्रॉस जागेवर राहिला तर ठीक. तो झटक्यात खाली गेला तर तुम्ही दचकताय. यावर औषध म्हणजे रिकामी रायफल दोनदा तपासून, सुरक्षित दिशेला धरून कोरडा सराव, आणि .२२ रायफलीवर भरपूर गोळ्या. मॅग्नमच्या काडतुसांची वीसची पेटी .३०८पेक्षा बरीच महाग पडते, म्हणून मॅग्नमवाला सरावच कमी करतो. दुखऱ्या खांद्याची गोष्ट निराळीच.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला बसवायचा, वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो, हे खरं. पण आवाज मागे, कानांकडे वळतो. साध्या रायफलीचा आवाजच १४० डेसिबलच्या वर असतो आणि एका बारातही कान कायमचे बिघडू शकतात. शिकारीत कानाला काही न लावणारे पुष्कळ असतात, त्यांनी तर ब्रेकच्या वाटेला जाऊच नये.

‘रायफलीवर पैसे वाचवू नका’

वाचवा. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस २, मॉसबर्ग पेट्रियट या बोल्ट-ॲक्शन रायफली साधारण ४०० ते ६०० डॉलरांत मिळतात आणि चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर दीड इंचात तीन गोळ्या सहज टाकतात. आठ इंचांच्या वर्मासाठी एवढा नेमकेपणा भरपूर झाला. साध्या ॲक्सिसचा ट्रिगर जड असतो. ॲक्सिस २मध्ये तो हलका करता येतो, म्हणून थोडे जास्त पैसे तिथे घाला. उरलेले स्कोप, माउंट आणि काडतुसांवर. ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा) पुरतो, २५ पटींचा लागत नाही.

दस्त्याची लांबी (ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत) मात्र दुकानातच तपासा. बहुतेक रायफलींची ती साडेतेरा इंचांच्या पुढे असते आणि साडेपाच फुटांखालच्या माणसाला, विशेषतः जाड कोटावर, ती लांब पडते. मग डोकं पुढे ताणलं जातं, दस्ता खांद्यात नीट बसत नाही, आणि मॅग्नमचा धक्का सांभाळता येत नाही. अशांनी कॉम्पॅक्ट मॉडेल घ्यावं.

‘रायफल नेम चुकवते’ अशी तक्रार आली की बऱ्याचदा दोष ढिल्या स्क्रूंचा निघतो. बेसचे (स्कोपखालच्या पट्टीचे) स्क्रू आणि भोकं अल्कोहोलनं पुसून तेल काढा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक थेंब द्या, आणि टॉर्क पान्यानं कंपनीनं दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा. रिंगांना (स्कोप धरणाऱ्या कड्यांना) बहुधा १५ ते १८ इंच-पौंड पुरतात, जास्त आवळल्यास स्कोपची नळी चेपते. रिंगा पूर्ण आवळण्याआधी स्कोपची वर्धनशक्ती सर्वांत जास्त ठेवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर काळी कड न दिसता पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर स्कोप पुढेमागे सरकवा.

झिरो करताना आधी २५ यार्ड. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहा, क्रॉस त्यावर आणा, मग बार टाका. पाव एमओएच्या स्कोपवर (म्हणजे दर क्लिकला १०० यार्डांवर सुमारे पाव इंच हलणाऱ्या) २५ यार्डांना एक इंच हलवायला १६ क्लिक लागतात, १०० यार्डांना ४. पुढे १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट टाका, मध्ये नळी गार होऊ द्या, आणि गट केंद्राच्या सुमारे दोन इंच वर आणा. २०० यार्डांना गोळी केंद्राजवळ येईल, पण तिथे प्रत्यक्ष बार टाकूनच खात्री करा. काडतुसांचा ब्रँड बदलला की हे सगळं पुन्हा. तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते, म्हणून शिकारीआधी नळी कोरडी पुसा.

कॅलिबर कोणतं, हे मी गोलमाल ठेवत नाही. हरीण मुख्य आणि एल्क कधीमधी असेल तर ६.५ क्रीडमूर. एल्क दरवर्षी असेल तर .३०८, १६५ ग्रेनच्या बॉन्डेड गोळीसह. ७ मिमी-०८ दोघांच्या मधली उत्तम चीज आहे, पण लहान गावातल्या दुकानात तिची काडतुसं नेहमी मिळतीलच असं नाही.

‘एक रायफल सगळीकडे चालते’

न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हरणाला सेंटरफायर रायफल (वर सांगितलेल्या, .२२ सोडून सगळ्या) चालतच नाही, शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून दारू भरायची बंदूक) किंवा धनुष्य लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यानं मॅग्नम घेतली तर ती घेऊन पेनसिल्व्हेनिया गाठावं लागेल. ओहायोत रायफलीनं हरीण मारायला सरळ भिंतीचीच (मानेकडे निमुळती न होणारी) काडतुसं चालतात, म्हणजे .३५० लेजंड चालेल, .३०८ नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिसंविरहित गोळी सक्तीची आहे.

आणि एच-१बीवर असलेल्यांसाठी: फेडरल कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकाला बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. परवाना संपला की अपवादही संपतो, मग रायफल घरात ठेवणंही गुन्हा ठरतो. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग आपल्या राज्याचे नियम वाचणं, आणि त्यानंतर दुकान.