पावतीवर माझं नाव आहे. तुमचं कुठाय?

माझ्याकडे पाचशे रुपयांच्या दंडाची एक पावती आहे. एप्रिल २०२१ची, कोरोनाच्या लॉकडाऊनमधली. त्यावर माझं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, मोबाइल नंबर, तारीख, वेळ सकाळी ११.४०, आणि कारणाच्या रकान्यात घाईघाईत खरडलेलं 'दु. चालू'.

दुकान चालू म्हणजे काय, तर शटर गुडघ्याएवढं वर. मागच्या गल्लीतला एकजण आला होता. त्याची आई दोन दिवसांपूर्वी गेली होती. मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज लिहायचा, तर घरात कोरा कागद नाही. मी शटरखालून दोन फुलस्केप आणि एक पेन सरकवलं. तेवढ्यात पथकाची गाडी. त्यातला पोरगा माझ्याच दुकानातून वह्या नेऊन शिकलेला. मान खाली घालून म्हणाला, "काका, वरून ऑर्डर आहे." मी पाचशे दिले. त्याच्यावर काय चिडणार?

किराणा चालू, मेडिकल चालू, दूध-भाजी चालू. कागद अत्यावश्यक नव्हता. आदल्या वर्षी मे महिन्यात याच राज्यात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली होती, हे मला पावती खिशात घालताना आठवलं.

हे वाचून कुणी मला लॉकडाऊनविरोधी ठरवण्याआधी सांगतो, पावतीच्याच एप्रिलच्या अखेरीला माझा थोरला भाऊ गेला. ऑक्सिजनच्या बेडसाठी तीन गावं फिरलो. तेव्हा 'कसला कोरोना नि कसलं काय' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो. निर्बंध लागायला हवे होते. मला विचारलं असतं तर मी हात वर केला असता.

पण हात वर करायला कुणालाच सांगितलं नाही. मला सोडा, ज्यांना आपण त्यासाठीच निवडून पाठवतो त्यांनाही नाही. पोरगा म्हणाला 'वरून'. हे 'वर' म्हणजे नक्की कुठं?

तारखा बघा. १३ मार्च २०२०ला राज्यात साथरोग कायदा लागू झाला. १४ मार्चला विधिमंडळाचं अधिवेशन आठवडाभर आधीच गुंडाळलं. २३ मार्चला संसद संस्थगित. २४ला रात्री आठ वाजता टीव्हीवर भाषण आणि मध्यरात्रीपासून देश बंद. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा, साथरोग कायदा तर १८९७चा. पुढची दोन वर्षं आमचं जगणं या दोन कायद्यांखाली निघालेल्या आदेशांवर चाललं. दिल्लीहून गृह मंत्रालयाचा आदेश, त्यावर मुंबईहून मुख्य सचिवांचा, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा, त्यावर नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा. रात्री साडेदहाला व्यापारी असोसिएशनच्या ग्रुपवर पीडीएफ यायची, बहुतेक वेळा आधी इंग्रजीत. मग मोबाइलवर बोटांनी मोठी करून करून वाचायची आणि एकमेकांना विचारायचं, "यात कटलरी बसते का हो?" एकाचं मत पडलं की बांगड्या हे सौभाग्यलेणं, म्हणजे अत्यावश्यकच. ग्रुपवर तेवढंच एक हसू झालं त्या आठवड्यात.

या सगळ्या उतरंडीत आमदार कुठंच नाही. ते होते गावात, नाही असं नाही. सॅनिटायझर वाटत होते, धान्याच्या पिशव्या वाटत होते, पिशवीवर फोटो होता. फक्त ज्या कामासाठी त्यांना विधानसभेत जागा दिलीय ते काम त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. सोयीचंच होतं. लॉकडाऊन लागला की "वरून आलाय", उठला की "मी पाठपुरावा केला".

त्या साथरोग कायद्याची जन्मकथा मात्र मला कधी नीट सांगितली गेली नव्हती, ती मी लॉकडाऊनमध्ये घरी बसून वाचली. मुंबईत मांडवीला १८९६च्या सप्टेंबरात प्लेग सापडला. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जॉन वूडबर्न नावाच्या सदस्यानं विधेयक मांडलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ला ते मंजूर झालं. मांडण्यापासून मंजुरीपर्यंत आठवडाभर. कलमं चार. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. संपला कायदा. पुढं पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी काय केलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ज्या कायद्याच्या जोरावर सोल्जर आत शिरले तो करताना पुणेकरांना कुणी विचारलं नव्हतं, हे धड्यात नसतं. टिळक तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते, पण निर्णय कलकत्त्याला झाला आणि टिळकांच्या वाट्याला आली ती राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा.

बरं, तो परक्यांचा राज्यकारभार होता. आमचा तर आमचा आहे ना? २०२०मध्ये तोच कायदा कपाटातून काढला. त्यात एक दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्याला शिक्षा करणारी. उत्तम दुरुस्ती. आधी एप्रिलमध्ये अध्यादेश, मग सप्टेंबरात राज्यसभा आणि लोकसभा. म्हणजे संसदेला त्या कायद्यावर बोलायला वेळ मिळाला, पण ज्या टाळेबंदीनं माणसं रस्त्यावर आली त्यावर मत द्यायला नाही. लोकसभेत कोविडवर चर्चा झाली ती नियम १९३ खाली, आणि त्या नियमाखाली मतदान नसतंच. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, लेखी प्रश्न तेवढे चालले. तरी त्या लेखी प्रश्नांतून काय बाहेर आलं बघा. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, असं विचारलं, तर कामगार मंत्रालयानं उत्तर दिलं की अशी माहिती ठेवलेली नाही. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली होती. जालन्याहून चालत निघालेली माणसं. रुळांवर पडलेल्या भाकरींचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. सरकारकडे माहिती नव्हती.

सभागृह भरल्याबरोबर, एका साध्या लेखी प्रश्नानं, एवढं कळलं. ते मार्च-एप्रिलमध्ये भरलं असतं तर?

आता भाचीचं सांगतो. ती इंग्लंडात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. १ डिसेंबर २०२०ला रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे त्या दिवशी संसदेत मतदान होतं. देशाचे तीन स्तर पाडून कुठं काय बंद ठेवायचं, यावर. ती जेवता जेवता सांगत होती, "मामा, इथं भांडण काय चाललंय माहितीय का? स्कॉच एग हे जेवण धरायचं की नाही!" दुसऱ्या स्तरातल्या पबमध्ये दारू द्यायची तर सोबत पोटभर जेवण हवं असा नियम होता. स्कॉच एग म्हणजे उकडलेलं अंडं खिम्यात गुंडाळून तळलेलं. एक मंत्री म्हणाले चालेल, दुसरे म्हणाले नाही, मग म्हणाले चालेल. मी पोट धरून हसलो. चार महिन्यांनी माझ्यावर फुलस्केपची पाळी आली तेव्हा कळलं, ते हसण्यासारखं नव्हतं. तिकडे अंड्यावरून मंत्र्याला जाब द्यावा लागला. इकडे कागदावरून जाब द्यायला पथकातला पोरगा.

त्या रात्रीचा निकाल २९१ विरुद्ध ७८. सरकारच्या स्वतःच्या पक्षातले पन्नासच्या वर खासदार उलटे गेले, विरोधी मजूर पक्ष तटस्थ बसला. मला मजा वाटली ती पुढची. भाचीनं संसदेच्या साइटवरून यादी पाठवली. कुणी 'हो' म्हटलं, कुणी 'नाही', नावानिशी. तिच्या भागातल्या खासदाराचं नाव तिनं बोटभर लाल गोल करून पाठवलं होतं.

तिकडे सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांचा पहिला लॉकडाऊन २६ मार्चला लागू झाला आणि संसदेची मंजुरी आली ४ मेला, पाच आठवडे उलटून गेल्यावर, तीही मतविभागणी न होता. सप्टेंबरात तिथले सभापती सरकारवर जाहीर कडाडले, की सभागृहाचा अवमान चालवलाय. घरून मोबाइलवर मत देण्याची सोय मे महिन्यात केली, ती जूनमध्ये काढून घेतली, आणि मग खासदार सहा-सहा फुटांवर उभे राहून वेस्टमिन्स्टरच्या आवारात मत द्यायला रांगेत. तो व्हिडिओ मी बघितलाय. आपल्या रेशनच्या रांगेपेक्षा वेगळा नव्हता. फक्त त्यांच्या पायात चांगले बूट होते.

पण रांगेत उभे राहिले, हे खरं.

डिसेंबर २०२१मध्ये तिकडे एकाच दिवशी तीन मतदानं झाली. मास्कला विरोध फारसा नव्हता, ४४१ विरुद्ध ४१. कोविड पासला, म्हणजे गर्दीच्या ठिकाणी लसीचा किंवा चाचणीचा दाखला दाखवायच्या नियमाला, ३६९ विरुद्ध १२६, त्यात सत्ताधारी पक्षातलेच जवळजवळ शंभर बंडखोर, म्हणजे विरोधी पक्षाच्या जिवावर सरकारचा ठराव तरला. आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना लस सक्तीची, ३८५ विरुद्ध १००. हे भाचीच्या थेट कामाचं. तिनं लस कधीच घेतली होती, पण तिच्या वॉर्डातली एक सहकारी घ्यायला तयार नव्हती, नोकरी जायची वेळ आली होती. दोघींचं रोज भांडण. पुढं सरकारनं तो नियम लागू व्हायच्या आतच मागं घेतला. माणसं चुकतात, सरकारं चुकतात. पण कुणी चुकवलं, त्याची यादी आहे.

आणि पावती तिकडेही फाडतात. एप्रिल २०२२मध्ये लंडनच्या पोलिसांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाच दंड केला, स्वतःच्याच निर्बंधांच्या काळात स्वतःच्या कार्यालयात वाढदिवसाला जमले म्हणून. पन्नास पौंड, आपले पाच हजारांच्या आसपास. पुढं जून २०२३मध्ये, त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली या अहवालावर त्याच सभागृहानं मत दिलं. ३५४ विरुद्ध ७. भाचीला मी तेव्हा मेसेज टाकला, "माझी पाचशेची पावती आणि साहेबांची पन्नास पौंडांची, शेजारी शेजारी फ्रेम करून लाव." तिनं हसण्याचे सात चेहरे पाठवले.

लोक म्हणतात, विषाणू काय मतदानाची वाट बघतो का? बरोबर आहे, नाही बघत. आग लागली की आधी पाणी मारायचं, घरमालकाची परवानगी नंतर. मला हे मान्य आहे. आदेश आज काढा, उद्यापासून लागू करा. फक्त पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात, तो सभागृहापुढं ठेवा आणि माणसागणिक मत घ्या. मिळालं तर पुढं चालू, नाही तर रद्द. एवढी एक ओळ कायद्यात घातली असती तरी विधानसभेतल्या २८८ आमदारांतला कुणीतरी उठून म्हणाला असता, "अध्यक्ष महोदय, माझ्या गावात लोकांना मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज लिहायला कागद मिळेना."

दुसरं उत्तर मिळतं ते असं, की एवढ्या सगळ्यांना दाटीवाटीत बसवणार कसं? तर सप्टेंबर २०२०मध्ये मुंबईत दोन दिवसांचं अधिवेशन झालं, चाचण्या करून, अंतर ठेवून. दिल्लीतही झालं. बसवता येतं.

आणि नावानिशी मत घ्यायला आम्हाला वेळ नसतो, हेही खरं नाही. ३० नोव्हेंबर २०१९ आठवा. उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. विधानसभेत शिरगणती झाली, एकेक आमदार उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता. मी दुकानातल्या टीव्हीवर लाइव्ह बघत होतो, गिऱ्हाईकही थांबून बघत होतं. बाजूनं १६९, विरोधात शून्य, तटस्थ चार, भाजपचा सभात्याग. जून २०२२च्या अखेरीला सरकार बदललं, जुलैत पुन्हा शिरगणती, १६४ विरुद्ध ९९. सरकार कुणाचं हे ठरवायचं असेल तर आमचे लोकप्रतिनिधी उभं राहून नाव सांगतात. या दोन शिरगणत्यांच्या मधे महामारी येऊन गेली. त्या वेळी कुणाला उभं राहायला लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात आमदारसाहेब भेटले. नाव लिहीत नाही, चांगला माणूस आहे, भावाच्या दहाव्याला आला होता. पंगतीत शेजारीच बसले. मी विचारलं, "साहेब, तेव्हा लॉकडाऊनवर विधानसभेत मतदान झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

ते जिलेबी मोडता मोडता थांबले. खरंच विचार करत होते, ते मी बघितलं. मग म्हणाले, "पक्षाचा व्हिप काय निघाला असता, त्यावर आहे."

"आणि व्हिप नसता तर?"

"तसं कधी झालंय का?" असं म्हणून त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि माझ्या पानात मठ्ठा वाढायला लावला.