शेवटच्या चार इंचांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

क्रेनला लटकलेल्या ओझ्याला हात लावू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि त्यावर तुम्ही सविस्तर टीका केलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुम्ही चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये १८ वर्षं डाय सेटिंग करता, म्हणजे पत्र्याला आकार देणारे जड साचे (डाय) क्रेनने उचलून प्रेसवर बसवता. तुम्ही म्हणता, दोर बांधून लांब उभं राहा हे लिहायला ठीक आहे, पण शेवटच्या चार इंचांत हात लावल्याशिवाय डाय बोलस्टरवर, म्हणजे प्रेसच्या खालच्या जाड बैठकीवर, बसत नाही. लांब दांड्याची काठी ऑडिटच्या दिवशीच भिंतीवरून खाली उतरते. चांगले हातमोजे द्या, बाकी अनुभव सांभाळून घेतो. तुमच्या शॉपमध्ये इतक्या वर्षांत एकही अपघात नोंदलेला नाही. आणि शेवटी विचारलंत, ‘तुम्ही स्वतः कधी डाय चढवली आहे का?’

चढवली आहे. भोसरीत एका छोट्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. माणसं कमी, त्यामुळे रात्रपाळीला पेंडंट, म्हणजे क्रेन चालवायचा बटणांचा लटकता खोका, बऱ्याचदा माझ्याच हातात असायचं. अशाच एका रात्री डाय बोलस्टरपासून चार बोटं वर होती आणि माझा सोबती ती हाताने सरळ करत होता. तो म्हणाला, ‘थोडं.’ मी खाली घ्यायचं बटण एकदा टिचकीसारखं दाबलं. त्याला ‘थोडं डावीकडे’ म्हणायचं होतं. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट डाय आणि पॅकिंगच्या (डायखाली ठेवायच्या ठोकळ्यांच्या) मध्ये होतं. वरचं पेर गेलं. आमच्यात सगळ्यात जुना, सगळ्यात सावध सेटर तोच होता.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अशा पेराची किंमत लिहिलेली होती. मधल्या बोटाचं एक पेर म्हणजे कमाईच्या क्षमतेत ७ टक्के घट. तर्जनी पूर्ण गेली तर १४, अंगठा गेला तर ३०. नट हाताने लावताना पहिली आटी नीट बसली की तिरकी गेली, हे बोटाच्या टोकाला कळतं. त्या माणसाला ते आता कळत नाही. सेटरसाठी हे नुकसान ७ टक्क्यांत मावत नाही, आणि ते बटण मी दाबलं होतं. म्हणून हा विषय मी सोडत नाही.

आता तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. माझा लेख दोराशीच थांबला, ही माझी चूक. दोर ओढता येतो, ढकलता येत नाही. लांब पाइप किंवा गर्डर नेताना तो गिरकी घेऊ नये म्हणून दोर उत्तम (हाताला वेढा न देता आणि टोकाला गाठ न मारता धरला तरच). पण प्रेसच्या दोन खांबांच्या मध्ये डाय रेषेत आणायला त्याचा उपयोग नाही. हे तुम्ही लक्षात आणून दिलंत, लेखात दुरुस्ती करतो.

पण अनुभव सांभाळून घेतो, हे मला पटत नाही. साधा हिशोब करू. २ टनांची डाय, क्रेनचा दोर गुंडाळला जातो त्या वरच्या ड्रमपासून ६ मीटर खाली लटकलेली. हुक बरोबर मध्यावर नव्हता, म्हणून उचलताना ती ३० सेंटिमीटर बाजूला झुलली. परत मध्यावर येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जेमतेम ३८ सेंटिमीटर असतो, म्हणजे रांगत्या बाळाइतका. डोळ्यांना ती संथच दिसते. पण त्या वेगात १४७ ज्यूल ऊर्जा आहे. मध्ये हात सापडला आणि डाय १ सेंटिमीटरात थांबली, तर त्या हातावर सरासरी दीड टनाचा दाब येतो. अनुभवी माणूस ओझ्याचा वेग बघून अंदाज बांधतो आणि इथे वेगच फसवतो. आणि खाली उतरताना तर झोकाही लागत नाही, वजनच पुरतं. बटण सोडल्यावरही हॉइस्ट (क्रेनचं ओझं वर-खाली करणारं यंत्र) थोडं सरकून मगच थांबतं.

हातमोज्यांचंही तेच. कापलं जाऊ नये, तेल-चिकटा लागू नये, पत्र्याची धार लागू नये म्हणून मोजे हवेतच. पण चेंगरण्यापुढे ते काही करत नाहीत. युरोपच्या ईएन ३८८ या मानकात आघातापासून संरक्षणाची चाचणी आहे, ती ५ ज्यूलची. वरचे १४७ आठवा. त्यात मोज्यामुळे माणसाला वाटतं आपण झाकलेले आहोत, आणि हात आणखी दोन इंच आत जातो.

एकही अपघात नोंदलेला नाही, याबद्दलही बोलायला हवं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येत नसेल अशी इजा कळवायची, असं होतं. म्हणून मी काय काय पाहिलं आहे सांगू? नख काळंनिळं झालेला माणूस दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलेला. हजेरी लागली, नोंद टळली. तुमच्या शॉपमधल्या दहा जुन्या सेटरना हात टेबलावर ठेवायला सांगा आणि नखं बघा. रजिस्टरपेक्षा ती नखं जास्त सांगतील.

मग हात मध्ये जातो कशासाठी? मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. आपण माणसाला सावध राहा म्हणतो, पण डायला नेमक्या जागी नेणारं तिथे दुसरं काहीच नसतं, म्हणून माणूस हात घालतो. ती जागा दुसऱ्या कशाने भरली की हाताची गरजच उरत नाही. भोसरीच्या त्या घटनेनंतर आम्ही टूलरूममधून दोन पिना करून घेतल्या, टोकाला निमुळत्या, आणि एक दुसरीपेक्षा थोडी उंच. त्या बोलस्टरवर पक्क्या केल्या आणि डायच्या खालच्या प्लेटला त्यांची भोकं पाडली. उंच पीन आधी शिरते. मग डायला फक्त तिच्याभोवती फिरायचं उरतं, आणि ते लांबच्या कोपऱ्यावर काठीने सहज होतं. दोन्ही पिना एकाच उंचीच्या असत्या तर दोन्ही एकदम जुळवाव्या लागल्या असत्या आणि हात परत आत गेला असता. काठी भिंतीवर राहते, कारण पिनांशिवाय तिच्यावर सगळं काम ढकललं जातं आणि तेवढं तिला झेपत नाही. यात तुमचा दोष नाही.

पॅकिंगचंही तसंच. डाय वर लटकलेली असताना खालचं पॅकिंग हाताने सरकवायचं, हे मी आजही ठिकठिकाणी बघतो. डाय बाजूला न्या, पॅकिंग सरकवा, डाय परत आणा. दोन मिनिटं जातात.

सुरुवातीचे चार इंचही विसरू नका. स्लिंग (ओझ्याला बांधून हुकात अडकवायची साखळी किंवा पट्टा) ताणली जात असताना ती जागेवर राहावी म्हणून आपण तिला मुठीत धरतो. स्लिंग आणि डायच्या कडेत बोटं अडकतात ती तेव्हाच. धरायचीच असेल तर उघड्या तळव्याने बाहेरून दाबा, आणि ताण बसायच्या आत हात काढून घ्या.

आणि बोलणं. तुमच्या शॉपमध्ये निम्मी मुलं बिहार, ओडिशाकडची असतील. आपण ओरडतो ‘धर!’, म्हणजे पकडून ठेव. हिंदीत ‘धर दो’ म्हणजे ठेवून दे. पेंडंटवर तो मुलगा असेल तर तो काय करेल, सांगा. आमच्याकडे मग ‘थोडं’ हा शब्दच बंद केला. इशारा एकाच माणसाने करायचा, आणि तोही हाताने. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावं, आणि ते कोणाचंही असलं तरी बटण सुटलंच पाहिजे. पेंडंट एका हातात आणि डायवर दुसरा हात, हे एकट्याने करायचं काम नाही. खर्च वाचवायला मालक तसं सांगत असेल, तर तुमच्यासारख्या जुन्या माणसाचं ‘नाही’ जितकं ऐकलं जातं तितकं नव्या कंत्राटी मुलाचं ऐकलं जात नाही.

तुमच्या सगळ्या डायना भोकं पाडता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. कितीतरी डाय गिऱ्हाइकाच्या मालकीच्या असतात, त्यांना हात लावायला लेखी परवानगी लागते. तिथे बोलस्टरच्या मागच्या बाजूला दोन स्टॉपर लावून डाय त्यांना टेकवता येते का, ते बघावं लागेल. ते प्रेस बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. गुरुवारी आपल्याकडे कारखान्यांना सुट्टी असते, सुपरवायझरची परवानगी मिळाली तर मी चाकणला येतो. तोवर सगळ्यात जड डायचं वजन, तिच्या खालच्या प्लेटचं माप आणि बोलस्टरच्या टी-स्लॉटमधलं (बोल्ट अडकवायच्या खाचांमधलं) अंतर एवढं कळवा. पिनांचं रेखाचित्र मी घेऊनच येईन.