पंचनाम्यात सुकट कुठे लिहायची?

वादळ झालं की पहिली चौकशी ठरलेली, बोटी किती गेल्या? बोट फोटोत येते, तिला नोंदणी क्रमांक असतो. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं तेव्हा पावसाळी मासेमारीबंदीमुळे हंगाम संपत आला होता. बऱ्याच होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या. कित्येक घरांचं खरं नुकसान घराच्या आतच झालं.

कोळणी उन्हाळाभर बोंबील, जवळा, वाकट्या सुकवतात, तीच सुकट, आणि पावसाळ्यात थोडं थोडं विकतात. बंदीच्या दोन महिन्यांत घर त्याच्यावर चालतं. त्या वर्षी टाळेबंदीने बाजार बंद, म्हणून माल गोणींत पडून. वरचे पत्रे उडाले आणि पाणी थेट गोणींत. भिजलेल्या जवळ्याला दुसऱ्या दिवशीच घाण सुटते. पुन्हा वाळत घालायचा म्हटलं तर जूनमध्ये ऊन कुठलं? (सुकटीच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांना यातलं दुःख कळायचं नाही, असो.)

मच्छिमारांच्या मदतीचे निकष मात्र बोट आणि जाळ्याभोवतीच फिरतात. तेही किती, तर तेव्हाच्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या बोटीला ९,६०० रुपये! राज्याने रक्कम वाढवली, पण तेवढ्यात नवी होडी उभी राहत नाही. मग व्यापाऱ्याची उचल घ्यायची आणि पुढची मासळी तो म्हणेल त्या भावाने त्यालाच घालायची. खलाशाचं तर नावच कुठे नाही, कारण बोट मालकाची.

नुसत्या बोटी वाटूनही भागत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देणगीदारांनी फायबरच्या इतक्या बोटी वाटल्या की काही गावांत त्या पूर्वीपेक्षा जास्त झाल्या. मासळी विकणाऱ्या बायका तिथेही यादीत मागेच राहिल्या.

माझं म्हणणं साधं आहे. मच्छिमार संस्थेने दर मे महिन्यात सुकी मासळी विकणाऱ्या बायकांची नावं आणि अंदाजे माल रजिस्टरला लिहून ठेवावा, पंचनाम्याला तोच पुरावा धरावा आणि पैसे त्या बाईच्याच खात्यावर टाकावेत. खलाशांचीही तशीच यादी ठेवावी. आणि हे सगळं १ ऑगस्टला हंगाम सुरू व्हायच्या आत व्हावं. गणपतीनंतर मिळालेली मदत थेट व्यापाऱ्याच्या वहीत जाते.