"पाच मिनिटांत लिंट ऑटोमेट करा" म्हणणाऱ्या त्या पीडीएफबद्दल

परवा रात्री भाचीचा मेसेज आला, "मामा, हे बघ ना, आमच्या कॉलेज क्लबच्या रेपोत लावलंय. झकास चालतंय." खाली ती पीडीएफ, गिटहबवरच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) लिंट, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, आपोआप कसं चालवायचं ते सांगणारी. गेल्या पंधरा दिवसांत ती मला तीन ग्रुपवर आली होती आणि तिन्ही वेळा मी न उघडता पुढे गेलो होतो. घरातल्याच पोरीने खऱ्या रेपोत चिकटवल्यावर मात्र उघडावी लागली.

पीडीएफचं म्हणणं थोडक्यात असं. एक, लिंटचा रिपोर्ट पीआरवरच (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल रेपोत घ्या' ही विनंती) दिसला पाहिजे, आणि तोही सगळ्या रेपोचा. दोन, लिंट हिरवं झालं की रिव्ह्यूची गरज नाही. तीन, फोर्कवरून (बाहेरच्याने काढलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पीआरवर कमेंट पडत नसेल तर 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' हा ट्रिगर वापरा, "लिंट कोड फक्त वाचतो, त्यामुळे धोका शून्य". चार, बॉटलाच चुका दुरुस्त करून कमिट करू (बदल रेपोत नोंदवू) द्या. पाच, तयार ॲक्शन (दुसऱ्याने लिहिलेली पायरी) 'व्ही१' टॅगने (आवृत्तीच्या नावाने) घ्या आणि विसरून जा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण झोप त्यानेच उडवली.

फोर्कच्या पीआरवर कमेंट पडत नाही, ४०३ ('परवानगी नाही') येतो, ही तक्रार खरी आहे. पण गिटहबने ते मुद्दाम केलंय. बाहेरच्या माणसाच्या पीआरवर चालणाऱ्या वर्कफ्लोला (आपोआप होणाऱ्या कामाला) टोकन, म्हणजे रेपोत शिरायचा परवाना, मिळतं ते वाचण्यापुरतं, आणि सीक्रेट्स (रेपोत जपलेले पासवर्ड, किल्ल्या) मिळतच नाहीत. पीडीएफ म्हणते, ट्रिगर बदला, चेकआउटमध्ये (कोड उतरवून घ्यायच्या पायरीत) पीआरचा हेड (त्यातला ताजा कोड) द्या, झालं. होतंही. कमेंट पडते, कारण आता तोच वर्कफ्लो मूळ रेपोच्या अधिकारात, सीक्रेट्स खिशात घेऊन चालतो. आणि चालवतो काय, तर अनोळखी माणसाने पाठवलेला कोड. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"पण लिंट कोड चालवतो कुठे?" भाचीचा प्रश्न. चालवतो, बाई. ईएसलिंटची (जावास्क्रिप्टच्या लिंटची) कॉन्फिग ही साधी जावास्क्रिप्ट फाइल आहे आणि ईएसलिंट ती सुरुवातीलाच चालवतो. पीआर टाकणाऱ्याने त्या फाइलच्या पहिल्या ओळीत काय लिहावं हे त्याच्या मर्जीवर. त्याच्याही आधी एनपीएम इन्स्टॉल (लागणारी पॅकेजेस उतरवणं) होतं, त्यात पॅकेज.जेसनमधली पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट चालते. म्हणजे लिंटची पाळी येईपर्यंत घर धुऊन नेलेलं असू शकतं. एरवी नवख्या माणसाच्या पीआरवरचा वर्कफ्लो मेंटेनरने परवानगी देईपर्यंत अडून राहतो. पुल_रिक्वेस्ट_टार्गेटला ती अडवणूकही लागू नाही.

हे माझ्या पदरचं नाही. गिटहबच्याच सिक्युरिटी लॅबने २०२१ मध्ये यावर लेख लिहिलाय आणि या प्रकाराला 'प्वन रिक्वेस्ट' असं नावही दिलंय. पीडीएफ बनवणाऱ्याने तेवढा एक लेख वाचला असता तरी पुरलं असतं. उपाय त्यातच आहे: काम दोन वर्कफ्लोंत तोडा. पहिला साध्या पुल_रिक्वेस्टवर, लिंट चालवून निकाल आर्टिफॅक्टमध्ये (जपून ठेवलेल्या फाइलमध्ये) ठेवणारा. दुसरा 'वर्कफ्लो_रन'वर (पहिला संपला की सुटणारा), तो निकाल उचलून कमेंट टाकणारा. हा पीआरचा कोड चेकआउटच करत नाही. आर्टिफॅक्टही परक्याच्याच हातून आलेलं, तेव्हा त्यातला पीआर नंबर खरंच नंबर आहे ना, तेवढं तपासायचं. पाच मिनिटांऐवजी अर्धा तास लागेल.

"आमच्या रेपोवर कोण येणार?" असं वाटत असेल तर ऑगस्ट २०२५ मधलं एनएक्स (एक बिल्ड साधन) आठवा. वर्कफ्लो होता पीआरचं शीर्षक ठरलेल्या साच्यात आहे का, एवढंच तपासणारा. लिंटचाच धाकटा भाऊ. पण पुल_रिक्वेस्ट_टार्गेटवर, आणि शीर्षक थेट बॅशमध्ये (कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) ओतलेलं. शीर्षकातच कमांड लिहून लोक आत शिरले, एनपीएमचं टोकन पळवलं आणि एनएक्सच्या घातकी आवृत्त्या प्रकाशित केल्या.

पाचवा मुद्दाही त्याच जातीचा. टॅग हलवता येतो. मार्च २०२५ मध्ये रिव्ह्यूडॉगच्या ॲक्शन-सेटअपचा 'व्ही१' टॅग जवळपास दोन तास भलत्याच कमिटकडे बोट दाखवत होता. रिव्ह्यूडॉग म्हणजे लिंटचे निकाल पीआरवर टाकणारंच साधन, हे विशेष. बहुधा त्याच वाटेने पुढे टीजे-ॲक्शन्सचं चेंज्ड-फाइल्स हे ॲक्शन फुटलं, जे २३,००० हून जास्त रेपोंत वापरात होतं, आणि सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटची न हलणारी ओळख) लिहा.

आता पहिला मुद्दा. अर्धा खरा आहे, मान्य करतो, नाइलाजाने. फेसबुकच्या लोकांनी २०१९ मध्ये लिहून ठेवलंय की इन्फरचे (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या त्यांच्या साधनाचे) निकाल रात्री यादी करून दिले तेव्हा जवळपास कोणीच काही दुरुस्त करेना. तेच निकाल बदल रिव्ह्यूला असताना दाखवले तर दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. म्हणून रिपोर्ट पीआरवरच हवा. पण बदललेल्या ओळींपुरता. भाचीच्या रेपोत दोन ओळींच्या पीआरखाली बॉटने २०१९ पासूनच्या सगळ्या सेमीकोलनचा पंचनामा मांडला होता. तो कोण वाचणार?

दुसरा मुद्दा सोडूनच देतो. ईएसलिंटला नुसत्या वॉर्निंग मिळाल्या तर तो शून्य परत करतो, म्हणजे हिरवा टिक. आणि पीडीएफमधल्या नमुन्यात वर 'कंटिन्यू-ऑन-एरर'ही (चूक आली तरी पुढे चला) चालू ठेवलंय. असला हिरवा टिक म्हणजे कशानेही न वाजणारी घंटा.

चौथं: बॉटने गिटहबच्या नेहमीच्या टोकनने कमिट केलं की त्या कमिटवर नवे वर्कफ्लो सुटत नाहीत. चेक सक्तीचे असतील तर पीआर वाट बघत बसतो आणि मर्ज होत नाही. भाचीचे दोन पीआर असेच लटकले होते. तिला वाटत होतं, गिटहब डाउन आहे.

रात्री पावणेबाराला तिला आधी एनपीएमचं टोकन रद्द करायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन फाइल्सची रचना बसवली. आता कमेंट वीसेक सेकंद उशिरा पडते. ज्या सीनियरने ती पीडीएफ फॉरवर्ड केली होती, त्याने यावर तक्रार केली आहे.