खुलासा: रेनकोट म्हणजे बाटली नव्हे
‘रेनकोट, ताडपत्री पॉलिएस्टरचेच, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांसोबत पुनर्वापराला टाका, नवा धागा होतो,’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. आतलं कापड पॉलिएस्टरचं असलं, तरी त्यावर अनेकदा पीव्हीसी या वेगळ्या प्लॅस्टिकचा थर घट्ट बसवलेला असतो. धागा करण्यासाठी बाटल्या वितळवतात आणि त्यांचं पॉलिएस्टर वितळतं सुमारे २५०-२६० अंश सेल्सिअसला. पीव्हीसी त्याआधीच विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतं. हा वायू यंत्रं गंजवतो, पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. म्हणजे थोड्याशा पीव्हीसीने चांगल्या बाटल्यांचा मालही बिघडतो! कृपया तो चुकीचा संदेश पुढे पाठवू नका.

विद्रावक (प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव) वापरून थर सोडवता येतो, पण ते वेगळ्या कारखान्याचं काम. कापड आणि थर दोन्ही एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे केले, तर मात्र वेगळं करायची गरजच उरत नाही.