पार्टी जेन्युइन आहे

आईचे गुडघे आणि सिडकोची बिनलिफ्टची इमारत यांचं आता जमत नाही, म्हणून नेरुळचं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला काढलंय. इथवर सगळं सरळ होतं. मग एजंट आला.

एजंट गोड बोलतो, दोन्ही बाजूंनी टक्के घेतो आणि शनिवारी रात्री फोन करून सांगतो, “उद्या पार्टी आणतो. जेन्युइन आहे.” त्याचे काही नियम आहेत. घर मोकळं दिसलं पाहिजे. म्हणजे रद्दी, इस्त्रीचे कपडे, पोराचं क्रिकेटचं किट, आईची शेकायची पिशवी हे सगळं रविवारी सकाळी बेडच्या पोटात आणि दिवाणाखाली कोंबायचं. मासे करायचे नाहीत. रविवारी अख्ख्या इमारतीत बोंबील तळले जातात आणि आमच्याकडे मुगाची खिचडी. शिवाय हॉलमधला नानांचा हार घातलेला फोटो उतरवायचा. “सर, पार्टी विचारते, घरात कोणी गेलंय का. वाइब खराब होते.”

नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी हे घर 1989 मध्ये घेतलं तेव्हा लोकल मानखुर्दला संपायची. वाशीपर्यंत गाडी आली ती 1992 मध्ये. तोवर नाना बसला लोंबकळत खाडी ओलांडायचे आणि नातेवाईक विचारायचे, “तिकडे रात्री कोल्हे येतात का हो?” फोटो मी उतरवला नाही. हार उतरवला.

तर या रविवारची पार्टी. नवरा-बायको, दोघंही ऐरोलीला आयटीत, सभ्य, घराइतकंच मोबाईलकडे बघणारे. आणि सोबत बायकोचे मामा. घर मामांना घ्यायचं नव्हतं. तिथे राहायचंही नव्हतं. पैसेही त्यांचे नव्हते. पण बोलत होते फक्त मामा.

उंबरठ्यावरच त्यांनी मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं, स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि “हं” म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून काचेची गोटी काढली. हिरवी, आत पिवळी पाकळी असलेली. ती रुमालाने पुसली, हॉलच्या मधोमध उकिडवे बसले आणि मला पंखा बंद करायला सांगितलं. “वाऱ्याने फरक पडतो.” पंखा थांबेपर्यंत सगळे गप्प. एजंटसुद्धा. मामांनी गोटी लादीवर ठेवून अलगद बोट काढलं. गोटी क्षणभर विचारात पडली आणि मग निघाली ती थेट दिवाणाखाली.

“उतार आहे,” मामा म्हणाले.

“किती?” जावयाने मोबाईलमधून मान वर केली.

“बराच.”

मग गोटी काढायला मामा माझ्या हॉलमध्ये पालथे पडले. खांद्यापर्यंत हात दिवाणाखाली. आधी शेकायची पिशवी बाहेर आली. मग रद्दीचा गठ्ठा, एक पॅड, बॅट, माझा हरवला म्हणून मी शेजाऱ्यांवर संशय घेतलेला छत्रीचा दांडा. पोलीस मुद्देमाल मांडतात तसं मामा एकेक वस्तू लादीवर ओळीने मांडत गेले. गोटी काही आली नाही. उठून गुडघे झटकत ते भाचीला म्हणाले, “बघ, ह्यांनाच जागा पुरत नाहीये.”

पुढच्या महिन्यातला मुहूर्त बघतो म्हणून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. ते तिथे मुहूर्तासाठी लावलेलं नाही. त्यामागे ओल आहे. ओल आमची नाही, वरच्यांच्या बाथरूमची आहे आणि तिच्यावर सोसायटीत पत्रव्यवहार चालू आहे. चेअरमन बदलतात, ओल तीच. मामांनी तिला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि अंगठ्याचा वास घेतला.

मग जमीन. नवी मुंबईत जमीन सिडकोची आणि आपण भाडेपट्ट्यावर, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. आमचा भाडेपट्टा साठ वर्षांचा. मामांनी बोटांवर हिशोब केला. “म्हणजे 2049. तेव्हा मी पंच्याण्णवचा असेन. त्या वयात जायचं कुठे?”

मी म्हटलं, पाणी भरपूर आहे, मोरबे धरण आपल्या महापालिकेचं स्वतःचं आहे. मामा म्हणाले, विमानतळ आलाय. हो, मी म्हटलं, 2025 च्या 25 डिसेंबरपासून विमानं उडतायत, भाव वाढणार. “आवाज वाढणार,” मामा म्हणाले, “भाव कमी करा.” मग त्यांनी भाचीला सल्ला दिला की घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, दोघांचं नाव लावलंस तर नाही. जावयाने मोबाईल खिशात ठेवला. त्या सबंध भेटीत तेवढाच काय तो त्याने घरात रस घेतला.

आणि मग मामा फोटोसमोर थांबले.

“हे कोण?”

“माझे वडील.”

“घरातच गेले?”

“नाही, हॉस्पिटलात.”

“बरं झालं,” मामा म्हणाले.

मोरबे धरणसुद्धा मी इतक्या घाईने सांगितलं नव्हतं. आईला हल्ली कमी ऐकू येतं, तेवढंच त्या दिवशी बरं.

हीच माणसं पनवेलच्या पुढे नवं प्रोजेक्ट बघायला जातात तेव्हा तिथे एक खड्डा असतो. खड्ड्याशेजारी एसी लावलेलं ऑफिस, आत काचेच्या पेटीत प्लास्टिकची इमारत, प्लास्टिकची झाडं आणि टाय लावलेला मुलगा. तिथे कॉफी पितात, खड्ड्याकडे बघून “व्ह्यू छान आहे” म्हणतात आणि टोकन देऊन येतात. तिथे कोणाच्या खिशातून गोटी निघत नाही. उभ्या भिंतींच्या, नळाला पाणी असलेल्या घरात मात्र प्रत्येक जण व्हीजेटीआयचा इंजिनीअर.

दारात मामांनी खोल श्वास घेतला. “बोंबील?”

“शेजारचे,” मी म्हटलं.

“छान खरपूस आहेत हो.” घराला मिळालेली एकमेव दाद, तीही शेजारच्यांना.

पार्टी जिना उतरू लागली तसा मामांनी मला कोपऱ्यात घेतलं. आवाज एकदम मऊ. सीवूड्सला त्यांचाही वन बीएचके आहे, काढायचाय. माझ्या ओळखीत कोणी असेल तर? मी किंमत विचारली. त्यांनी कानात सांगितली. आमच्या टू बीएचकेहून जास्त.

“एवढी?”

“अहो, एअरपोर्ट आलंय ना आता!”

“आणि भाडेपट्टा?”

“त्याचं काय एवढं! इथे सगळ्यांचंच तसं आहे. येत्या रविवारी बघून तर जा.”

रात्री एजंटचा फोन. पार्टीला घर आवडलंय, पण मामांना उतार खटकतोय, तर पाच लाख कमी करा. संध्याकाळी केर काढताना गोटी सापडली होती. भिंतीपर्यंत गेलीच नव्हती, दिवाणाच्या पायाशीच अडकून बसली होती. हे मी एजंटला सांगितलं. “सर, तुम्ही मनावर नका घेऊ,” तो म्हणाला.

मी मनावर घेतलंय. रविवारी सीवूड्सला चाललोय, गोटी खिशात घालून. आणि पंखा मीच बंद करायला सांगणार आहे.